गोळीला वाट कोण दाखवतं?



मागे एका गावी आम्ही वाचनवर्ग पाहायला गेलो होतो. वर्ग सुटला. कंदील, पाट्या, पुस्तकं आवरून झाली. तेव्हा एक म्हातारबाबा आमच्याजवळ येऊन बसले. हातात डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. पाकिटावर नागरी अक्षरात नाव छापलं होतं. बाबांनी एकेक अक्षर लावून ते नाव आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही शाबासकी दिली.

मग बाबा म्हणाले, "नाव वाचता आलं, ते बरं झालं. पण एक विचारू का? गोळी जाते पोटात. दुखतं डोकं. मग तिला डोकं सापडतं कसं? वाट कोण दाखवतं तिला?"

बाकीची मंडळी हसली. आम्हीही हसलो. पण परत येताना एस.टी.त तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. चांगली शिकली-सवरलेली माणसं रोज गोळ्या खातात, पण हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. बाबांच्या मनात आला. म्हणून आज ह्या प्रश्नावरच बोलायचं ठरवलं आहे. बोलता बोलता आम्ही विंचवाची गोष्टही सांगणार आहोत. गोळीचा आणि विंचवाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. थोडा धीर धरा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. गोळीला वाट कुणीही दाखवत नाही. तिला पत्ता माहीत नसतो. डोकं कुठे, पाय कुठे, हे तिला काही कळत नाही. ती सगळीकडे जाते.

कशी जाते, ते पाहू.

गोळी आपण पाण्याबरोबर गिळतो. ती पोटात पडते. तिथे ती भिजते, फुटते, विरघळते. खडीसाखरेचा खडा पाण्यात विरघळावा तशी. पण विरघळली म्हणजे काम झालं असं नाही. पोटात असलेलं औषध अजून अंगाबाहेरच आहे असं समजा. धान्य ओट्यावर आलं म्हणजे कणगीत पडलं असं होत नाही, तसं.

पोटाच्या पुढे लहान आतडं असतं. नाव लहान, पण मोठ्या माणसाचं हे आतडं वीस फुटांच्या आसपास लांब असतं. पोटात ते वेटोळं घालून बसलेलं असतं. त्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक मऊ केस असावेत अशी लव असते. अंग पुसायच्या टॉवेलावर कसे धाग्यांचे फासे असतात, तसं. टॉवेल पाणी टिपतो. आतड्याची ही लव अन्नाचा रस टिपते आणि औषधही टिपते. लवेच्या आत बारीक रक्तवाहिन्या आहेत. टिपलेलं औषध त्यांच्यात उतरतं. आता ते रक्तात आलं. आता ते खरं अंगात आलं.

पण अजून एक नाका आहे. पोटातून आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे आपण ज्याला काळीज किंवा लिव्हर म्हणतो ते. बकऱ्याची कलेजी तुम्ही पाहिलीच असेल. हे यकृत मोठं कडक नाकेदार आहे. आलेला माल तपासतं, काही मोडून टाकतं, उरलेला पुढे सोडतं. काही औषधांचा तर ते जवळजवळ सगळा माल नाक्यावरच मोडून टाकतं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची एक गोळी डॉक्टर देतात. ती गिळायची नसते, हे तुम्ही ऐकलं असेल. कारण हेच. जिभेखालचं रक्त यकृताच्या नाक्यावरून न जाता थेट हृदयाकडे जातं. गोळी गिळली तर तिचा बराचसा भाग नाक्यावरच संपतो.

नाक्यातून सुटलेलं औषध हृदयात येतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हृदय एका मिनिटात जवळजवळ तेवढंच रक्त पुढे ढकलतं. म्हणजे मिनिट-दोन मिनिटांत औषध डोक्यात जातं, गुडघ्यात जातं, करंगळीतही जातं. बाबांची डोकेदुखीची गोळी त्यांच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेली असते. अंगठा दुखत नव्हता, म्हणून बाबांना ते कळलं नाही इतकंच.

सुईचं, म्हणजे इंजेक्शनचं, तसं नसतं. सुई आतड्याचा रस्ता चुकवते. शिरेत दिलेलं औषध लगेच रक्तात मिसळतं. दंडात किंवा कमरेत दिलेलं थोड्या वेळाने मिसळतं. म्हणून घाईच्या वेळी सुई लागते. काही औषधं अशी असतात की ती पोटात टिकतच नाहीत. मधुमेहाचं इन्सुलिन घ्या. ते गिळलं तर पोट त्याला डाळ-भातासारखं पचवून टाकील. म्हणून ते बहुतेक वेळा सुईने घ्यावं लागतं.

पण इथे एक बोलायला हवं. आपल्याकडे दवाखान्यात गेलं की माणूस म्हणतो, "डॉक्टर, सुई मारा. गोळीनं काय होणार?" आम्ही स्वतः असं म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोला. सुई टोचली की पैसे वसूल झाले असं वाटतं. हे खरं नाही. जे औषध आतडं चांगलं टिपतं त्याला सुई लागत नाही. सुई म्हणजे जोरदार आणि गोळी म्हणजे दुबळी, अशी काही जात नसते. आज आम्ही ज्या औषधाची गोष्ट सांगणार आहोत ते एका लहानशा गोळीचं आहे. त्या गोळीने मरणाच्या दारातली माणसं परत आणली आहेत.

आता औषध सगळीकडे पोचलं. मग ते एकाच जागी काम का करतं?

आपलं अंग पेशींचं बनलेलं आहे. घराची भिंत चिऱ्यांची असते, तसं अंग पेशींचं. पेशी डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान असते. ह्या पेशींच्या अंगावर कुलपं असतात असं समजा. खरी लोखंडाची नव्हेत, पण कुलपासारखी घडण असलेली. डॉक्टर मंडळी त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपण कुलूपच म्हणू. रक्तातून फिरत फिरत एखादी किल्ली येते. ती ज्या कुलपाला लागते तिथे बसते. किल्ली फिरली की पेशी आपलं काम सुरू करते किंवा थांबवते. ज्या पेशीला ते कुलूपच नाही तिच्यावरून किल्ली नुसती वाहत जाते.

तुमच्या घराची किल्ली घेऊन कुणी सगळा गाव हिंडला, तरी तुमचंच दार उघडेल. औषधाचं तसंच. फरक एवढाच, की अंगात एकाच जातीची कुलपं अनेक ठिकाणी असतात.

ह्या किल्ल्या आपल्या अंगातही तयार होतात. उधळलेला बैल अंगावर आला तर काय होतं? छाती धडधडते. हातपाय गार पडतात. घाम फुटतो. कारण अंगात ॲड्रिनलिन नावाची किल्ली एकदम सुटते. ती हृदयाच्या कुलपात बसली की हृदय जोरात चालतं. ती हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या कुलपात बसली की त्या वाहिन्या आवळतात. किल्ली एक, पण कुलपं दोन जातींची. अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट नावाच्या शास्त्रज्ञांनी १९४८ साली ह्या दोन जाती ओळखल्या. एकीला अल्फा नाव दिलं, दुसरीला बीटा. रक्तवाहिनी आवळणारं ते अल्फा कुलूप. एवढं एक नाव ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

काही औषधं कुलपात बसतात आणि किल्लीसारखी फिरतात. काही नुसती बसतात, फिरत नाहीत. मग काय होतं? पोरं खोडीने कुलपाच्या भोकात काडी अडकवून ठेवतात ना, तसं. कुलूप उघडत नाही, आणि खरी किल्लीही आत जात नाही. अशी काडीसारखी औषधंही फार कामाची असतात. (सगळीच औषधं अशी कुलपावर चालतात असं मात्र नाही. काही जंतूंना मारतात, काही पोटातली आंबट जळजळ कमी करतात. पण पुष्कळशी कुलपावर चालतात.)

आता विंचवाची गोष्ट.

पुष्कळ वर्षं झाली. आम्ही कोकणातल्या एका वाडीत वर्गासाठी मुक्कामाला होतो. भातकापणीचे दिवस होते. संध्याकाळी एक आठ वर्षांचा मुलगा गोठ्यातल्या माळ्यावरून पेंढा ओढत होता. बोटाला लाल विंचू चावला. मुलगा रडत रडत घरात आला. आईने बोट धरलं. बापाने जाणता माणूस बोलावला. त्याने मंत्र टाकला, अंगारा लावला.

तासाभराने मुलगा रडायचा थांबला. त्याला दोनदा उलटी झाली होती. अंगाला घाम इतका, की सदरा पिळावा. आजी म्हणाली, "घामावाटे विष उतरतंय. दुखायचंही थांबलं. देवानं ऐकलं." सगळ्यांना बरं वाटलं. आम्ही तिथे होतो. आमच्यातल्या एकाने मुलाचा हात हातात घेतला. हात माठासारखा गार लागला. आम्हाला वाटलं, रात्रीचा गारवा आहे, वर घाम आलेला. पोर दमलंय, निजू द्या. आम्हीच तसं बोललो.

मध्यरात्री मुलाला खोकला सुटला. श्वास पुरेना. तोंडाला तांबूस फेस आला. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. मुलगा वाटेतच गेला.

पुढे आम्हाला कळलं, की त्या रात्री आम्ही सगळ्यांनी चांगली म्हणून जी लक्षणं मानली ती सगळी वाईट लक्षणं होती. घाम, उलटी, गार हात. आणि दुखणं थांबणंसुद्धा.

विंचवाचं विष काय करतं ते सांगतो. विंचू नांगी मारतो तेव्हा विष कातडीच्या खाली जातं. म्हणजे विंचू सुईच मारतो म्हणा. विषातले कण फार लहान असतात, म्हणून ते लवकर रक्तात शिरतात. आपल्या अंगात मज्जातंतू असतात. टेलिफोनच्या तारांसारखे ते निरोप नेतात. निरोप जाताना त्यांची बारीक दारं क्षणभर उघडतात आणि मिटतात. लाल विंचवाचं विष ती दारं मिटू देत नाही. मग तार थांबतच नाही. निरोपावर निरोप जातात. अंगात ॲड्रिनलिन आणि त्याच्या जातीच्या किल्ल्यांचा पूर येतो. बैल अंगावर आल्यावर जे होतं, तेच होतं. पण बैल निघून जातो, आणि हे तासन् तास चालतं.

सगळ्या अल्फा कुलपांत किल्ल्या बसतात. सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात. आता हृदयाची दशा पाहा. विहिरीवरची मोटर जोरात चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कुणी जवळजवळ बंद करून ठेवला आहे. काय होईल? मोटर तापेल, दमेल, पाणी मागे तुंबेल. हृदय तसंच दमतं. रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. फुफ्फुसात पाणी भरतं. तो तांबूस फेस म्हणजे तेच पाणी.

त्या काळी डॉक्टरही ह्या रोग्यापुढे हतबल होत. रायगड जिल्ह्यात महाड तालुका आहे. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर आले. त्यांचं नाव डॉक्टर हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. त्या भागात विंचू फार. उन्हाळ्यात आणि पावसानंतर रोगी रांगेने येत, आणि त्यातले पुष्कळ मरत. तेव्हा जी औषधं देत त्यांनी गुण येत नसे.

बावस्करांनी एक गोष्ट केली. ती आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. ते रोग्याच्या खाटेशी बसले. रात्र रात्र बसले आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. घाम कधी आला, उलटी कधी झाली, हात गार कधी पडले, नाडी कशी, रक्तदाब किती. त्यांच्याजवळ मोठी यंत्रं नव्हती. वही होती. त्या वहीतून त्यांना विषाची चाल कळली. कोणत्या खुणा दिसल्या की रोगी धोक्यात आहे, हे त्यांनी लिहून इंग्लंडच्या 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या साप्ताहिकाकडे पाठवलं. १९८२ साली ते छापून आलं. एका खेड्यातल्या दवाखान्यातून लिहिलेलं.

आता खुणा कळल्या. पण इलाज? बावस्करांनी विचार केला, की वाहिन्या आवळल्या आहेत, तर त्या सैल करणारं औषध हवं. आधी त्यांनी शिरेतून थेंब थेंब द्यायचं एक औषध वापरलं. गुण आला. पण त्या औषधावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. थेंब जास्त पडले तर रक्तदाब एकदम खाली जातो. प्रत्येक खेड्यात असा पहारा कोण ठेवणार?

मग प्राझोसिन नावाची गोळी त्यांच्या हाती लागली. ही गोळी विंचवासाठी केलेली नव्हतीच. ती वाढलेल्या रक्तदाबासाठी होती. पण ती काय करते? ती अल्फा कुलपात जाऊन बसते आणि फिरत नाही. काडीसारखी. मग ॲड्रिनलिनची किल्ली कितीही धडका देवो, आत शिरायला जागा नाही. वाहिन्या सैल होतात. व्हॉल्व्ह उघडतो. हृदयाचा भार उतरतो. हातपाय ऊबदार होऊ लागतात.

१९८६ साली त्यांचं ह्या गोळीवरचं लिखाण त्याच 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर ह्याही ह्या कामात त्यांच्याबरोबर राहिल्या. गोळीच्या आधी विष अंगभर भिनलेल्या शंभर रोग्यांमागे तीसच्या आसपास दगावत. गोळीनंतर हा आकडा शंभरात एकाच्या आसपास आला. २०२२ साली सरकारने डॉक्टर हिंमतरावांना पद्मश्री दिली.

आता मघाचं आठवा. गोळी आधी आतड्यात टिपली गेली पाहिजे. आणि विंचवाच्या रोग्याला होते उलटी. गोळी दिली आणि लगेच उलटीत पडली, तर ती रक्तात गेलीच नाही. दिल्यासारखी दिसते, पण दिलेली नसते. म्हणून दवाखान्यात नेल्यावर वाटेत किती उलट्या झाल्या, गोळीनंतर उलटी झाली का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. नर्सबाई दुसरीकडे गुंतल्या असतील, तर हाक मारून सांगा. ते लाजण्याचं किंवा भिण्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट. काडी कुलपात कायमची राहत नाही. यकृत ह्या औषधाला हळूहळू मोडत असतं. विष मात्र अजून अंगात असतं. म्हणून एक गोळी देऊन भागत नाही. डॉक्टर हातपाय चाचपून पाहतात, आणि ते ऊबदार होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी पुन्हा देतात.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. गोळीला पत्ता माहीत नसतो, हे आपण पाहिलं. ती सगळ्या अंगातल्या वाहिन्या सैल करते. अशा वेळी रोग्याला एकदम उठवून बसवलं, किंवा लघवीला म्हणून उभं केलं, तर रक्त पायांत उतरतं आणि डोक्याला पुरत नाही. रोगी धाडकन पडतो. म्हणून त्याला निजवूनच ठेवायचं. नातेवाईक प्रेमाने "ऊठ, जरा चहा घे" म्हणून उठवतात. तसं करू नये.

त्याच कारणाने ही गोळी घरात आणून ठेवू नये. स्वस्त आहे, दुकानात मिळते, म्हणून कुणाला वाटेल, चार आणून ठेवू, चावला की देऊ. किती द्यायची हे वजनावर ठरतं. मुलाला वेगळी, मोठ्याला वेगळी. शिवाय चावलेला प्रत्येक माणूस धोक्यात नसतो. काळी इंगळी दिसते मोठी, पण तिचं विष त्या मानाने सौम्य. लाल विंचू चावला तरी काहींना नुसतं दुखतं. अशा माणसाला प्राझोसिन देऊन काही उपयोग नाही. ते दुखण्याचं औषध नाही. दुखत असेल तर डॉक्टर चावलेल्या जागीच बधिर करायची सुई देतात.

आता विषावर थेट चालणारं औषधही आहे. त्याला विंचूदंशाची लस म्हणतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती तयार केली. ती कुलपाशी जातच नाही. रक्तात फिरणारं विषच ती पकडते. एक औषध चोराला धरतं, दुसरं दाराला काडी लावतं. ही लस शिरेतून द्यावी लागते, कारण गिळली तर पोट तिला पचवून टाकील. महाडलाच ७० रोग्यांवर दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या, आणि २०११ साली ते छापून आलं. नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी अठरा तासांच्या जवळपास लागले. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिली त्यांना सरासरी आठ तास. म्हणजे लस असेल तर ती द्यावीच, आणि लवकर द्यावी. विष एकदा आपली करणी करून बसलं, की नुसता चोर धरून भागत नाही.

भाषण झाल्यावर एका गावी मंडळींनी प्रश्न विचारले. त्यातले थोडे इथे देतो.

एका वहिनींनी विचारलं, "चावल्यावर आधी काय करायचं?"

मुलाला शांत ठेवायचं. ती जागा चिरायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. मंत्राला आमचं भांडण नाही, पण गाडी बोलावल्यावर मंत्र म्हणा, आधी नको. १०८ नंबरला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात जा. जाताना हातपाय चाचपत राहा. घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर वेळ घालवू नका. मुलग्याच्या लघवीच्या जागेला ताठरपणा येतो, तीही विष भिनल्याची खूण आहे. आयाबाया हे सांगायला लाजतात. डॉक्टरांना ते जरूर सांगा.

एका तरुणाने विचारलं, "विंचू मारून बरोबर न्यायचा का?"

मेलेला हाताशी असला तर डबीत घालून न्या. शोधत बसू नका. त्यात वेळ जातो, आणि अंधारात दुसऱ्यालाही चावतो.

एक आजोबा म्हणाले, "मला रात्री लघवी अडते. डॉक्टरनं गोळी दिली. दुकानदार म्हणाला, ही रक्तदाबाच्या गोळीच्या जातीची. तो चुकला का?"

दुकानदार चुकला नाही. लघवीच्या वाटेवर प्रोस्टेट नावाची गाठ असते. तिथल्या स्नायूंवरही अल्फा कुलपं आहेत. त्यांत काडी बसली की वाट सैल होते. कुलूप एक, म्हणून औषधाची जात एक. पण आजोबा, तुम्हीही रात्री खाटेवरून एकदम उठत जाऊ नका. आधी बसा, पाय खाली सोडा, मग उभे राहा.

एका बाईने विचारलं, "मुलगा बरा होतोय, हे कसं ओळखायचं?"

ह्याचं उत्तर आम्हाला एका दवाखान्यात मिळालं. लाल विंचू चावलेल्या एका मुलीला तिच्या आईने वेळेवर आणलं होतं. मुलगी घामाने भिजलेली, गार, गप्प पडून होती. गोळी दिली. लस दिली. आई रात्रभर तिचे तळपाय हातात धरून बसली होती. पहाटे पाय ऊबदार झाले. थोड्या वेळाने मुलगी रडायला लागली. "बोट दुखतंय," म्हणाली. आई घाबरली. तिला वाटलं, विष पुन्हा चढलं. ती धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पाय चाचपले, नाडी पाहिली, आणि तिला सांगितलं, की बाई, विषाचा जोर ओसरला की चावलेली जागा पुन्हा दुखू लागते. दुखू दे. दुपारी जेवायला द्या.